नांगर टाकल्यानंतर

अंदमानात शिडाच्या बोटीवरून फिरून आले असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, शार्क दिसला का? दुसरा, देवमासा आडवा आला तर काय करता? लोकांची भीती कायम भर समुद्रात असते. माझा अनुभव उलटा आहे. फुकेत ते पोर्ट ब्लेअर (2024 पासून त्याचं नाव श्री विजयपुरम) हे अंतर साधारण 400 सागरी मैलांचं. त्या सबंध पट्ट्यात आम्हाला छळलं ते एका नॉडी पक्ष्याने. तो रात्री सौर पॅनलवर झोपायला उतरला आणि सकाळी ते पॅनल पांढरं करून गेला. सांगण्यासारखं बाकी जे घडलं, ते नांगर पडल्यावर, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आणि बहुतेक वेळा दिवेलागणीला.

तेव्हा तिकडे जाणाऱ्याने आधी घड्याळाची सवय मोडावी. अंदमान मुंबईच्या कितीतरी पूर्वेला, पण वेळ भारताचीच. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे ईशान्येचा वारा स्थिर असतो त्या ऐन मोसमात, तिथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. ‘चहा होऊ दे, मग पोहायला उतरू’ म्हणेपर्यंत अंधार पडलेला असतो. आणि पाण्यातले, वाळूतले, खारफुटीतले बहुतेक उपद्रवी जीव त्याच वेळी कामाला लागतात.

बोट माझ्या आतेभावाची. मर्चंट नेव्हीतून निवृत्त झाल्यावर दादाने ती घेतली आणि फुकेतला ठेवली. बोटीवर दादा, वहिनी, कॉलेजात जाणारा माझा भाचा आणि मी. पोर्ट ब्लेअरला कस्टम, इमिग्रेशन आणि बंदराचे सोपस्कार झाले की कुठे कुठे नांगर टाकता येईल ते ठरतं, आणि रोज रेडिओवरून आपला ठावठिकाणा कळवावा लागतो. आदिवासींच्या राखीव भागांकडे आणि उत्तर सेंटिनेल बेटाच्या आसपास फिरकायचंही नाही. अभयारण्यातल्या बेटांवर उतरायला वनखात्याची वेगळी परवानगी. ही कटकट वाटते खरी, पण त्या कचेऱ्यांमधल्या बाकांवर बसूनच मला मगरींबद्दल पहिली नीट माहिती मिळाली.

कोकणातल्या माणसाचा इथे घोळ होतो. चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी आहेत हे आपण ऐकलेलं, काहींनी पाहिलेलंही असतं. ती जात गोड्या पाण्याची. अंदमानातली खाऱ्या पाण्याची मगर हे निराळंच प्रकरण आहे. मोठे नर पाच मीटरच्याही पुढे जातात, जिभेवरच्या ग्रंथींमधून जादा मीठ बाहेर टाकतात आणि समुद्र ओलांडतात. ऑस्ट्रेलियात उपग्रह-यंत्र लावलेल्या एका मगरीने 25 दिवसांत 590 किलोमीटरचा समुद्रप्रवास केला. ओघ सोयीचा असेल तेव्हा निघायचं, उलटला की थांबायचं, ही तिची रीत. आम्ही शिडवाले तरी वेगळं काय करतो! सांगायचा मुद्दा असा, की ‘इथे खाडी नाही, नुसती पांढरी पुळण आहे, म्हणजे मगर नाही’ हा हिशेब चुकतो. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, राधानगरच्या त्या सुप्रसिद्ध किनाऱ्याजवळ 2010 साली स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकन तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. सेल्युलर जेल पाहून त्याच किनाऱ्यावर जाणाऱ्या किती मराठी पर्यटकांना हे ठाऊक असतं?

आम्ही मायाबंदरच्या बाजूला नांगर टाकला होता. तिथे करेन लोकांच्या वस्त्या आहेत. 1925 साली इंग्रजांनी त्यांच्या पूर्वजांना ब्रह्मदेशातून इथे आणलं. जंगल आणि समुद्र या दोन्हींची त्यांची जाण अशी की संशोधकही त्यांच्याशिवाय हलत नाहीत. त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ होडीतून नारळ विकायला आले. सगळे त्यांना अंकल म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी आधी आमच्याकडे पाहिलंच नाही. ते पाहत होते शेजारच्या परदेशी बोटीकडे. तिथलं जोडपं मागच्या फळीवर बसून मासे साफ करत होतं आणि आतडी, डोकी पाण्यात टाकत होतं. अंकलनी विचारलं, ‘ये रोज करता है?’ आम्ही म्हटलं, हो, रोज संध्याकाळी. त्यांनी मान हलवली, नारळांचे पैसे घेतले आणि जाताना त्या बोटीपाशी थांबून त्यांना काही तरी सांगितलं. ते दोघं हसले आणि हात हलवून त्यांनी निरोप दिला. त्यानंतर एका संध्याकाळी त्याच फळीपासून तीन-चार हातांवर पाण्यात दोन गाठी दिसल्या, एक डोळ्यांची, एक नाकाची. ना आवाज, ना लाट. भाच्याने टॉर्च मारला तेव्हा डोळे लालसर चमकले. त्या बाईचे पाय फळीवरून पाण्यात सोडलेले होते. दादाने भोंगा वाजवला, रेडिओवर ओरडला. तिने पाय वर घेतले. मगर बुडी मारून गेली. झालं ते एवढंच.

पण त्यातला ‘रोज’ महत्त्वाचा. मगर घाई करत नाही, ती सवयी टिपते. एकाच जागी, एकाच वेळी, तेच काम केलं की आपण तिला वेळापत्रक छापून दिल्यासारखं होतं. म्हणून माशांची साफसफाई भर समुद्रात, बोट चालू असताना उरकावी. नांगरावर असताना खरकटंसुद्धा पाण्यात टाकू नये. भांडी विसळायला फळीवर वाकून बसू नये, बादलीने पाणी वर ओढावं, आणि तेही रोज एकाच कोपऱ्यातून नको. खारफुटीच्या खाडीत रबरी डिंगी घेऊन पक्षी बघायला जायची हौस सगळ्यांना असते. उत्तर ऑस्ट्रेलियात मगरींनी अशा डिंग्या फाडल्या आहेत, तेव्हा ती हौस स्थानिक माणसाच्या लाकडी होडीतून, भर उन्हात भागवावी. चिखलात पोट घासत गेल्याचा गुळगुळीत पट्टा दिसला तर तिथे उतरायचं नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी मादी घरट्याची राखण करते, तेव्हा तर खाड्यांचं नावच काढू नये.

समुद्री मण्यारीचा किस्सा आता मी हसून सांगते. रात्री लघवीला उठलेल्या भाच्याने नाळेवरच्या दोराच्या वेटोळ्यात एक जास्तीचं वेटोळं पाहिलं. निळसर राखाडी अंग, त्यावर काळे पट्टे, ओठ पिवळे, शेपूट वल्ह्यासारखं चपटं. नांगराची साखळी चढून ती वर आली होती. हा साप पाण्यात बाम माशांची शिकार करतो, पण खाल्लेलं पचवायला, कात टाकायला, अंडी घालायला आणि गोडं पाणी प्यायला कोरडी जागा शोधतो. बोट त्याच्या लेखी एक छोटं बेटच. विष जहाल, स्वभाव मात्र कमालीचा शांत. वहिनीने कपडे धुवायची मोठी बादली आडवी धरली, दादाने आकडीच्या काठीने मण्यारीला हळूच आत ढकललं आणि पाण्यात सोडून दिलं. मारायचा विचार कुणी बोलून दाखवला नाही, हे मला आवडलं. साखळी बोटीच्या पोटात जाते त्या भोकात संध्याकाळी चिंध्यांचा घट्ट बोळा कोंबायचा, हा नियम त्या रात्रीपासून झाला. रात्री डेकवर अनवाणी जायचं नाही आणि टॉर्चशिवाय दोराला हात लावायचा नाही, हे नियम आधीही होतेच. आपल्याकडच्या रुग्णालयांत मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या जमिनीवरच्या चार सापांसाठी असते. समुद्री सापाच्या विषावर तिचा भरवसा धरता येत नाही. चावलाच तर हातापायाला रुंद पट्टी गुंडाळायची, फळी बांधून तो अजिबात हलू द्यायचा नाही आणि वेळ न दवडता मोठं रुग्णालय गाठायचं. श्वास चालू ठेवायला यंत्र लागू शकतं, आणि ते लहान बेटावर नसतं.

मात्र आमचा मुक्काम ज्याने खरोखर नासवला तो जीव तीन मिलिमीटरहून लहान. तिथे सगळे सँडफ्लाय म्हणतात ती ही चिलटं, ओल्या वाळूत आणि खारफुटीच्या चिखलात वाढणारी. चावतात तेव्हा कळतही नाही. दुसऱ्या दिवशी घोट्यांवर पुरळ, मग कित्येक दिवस खाज, आणि खाजवलं की पू. अशा बेटांवर जखम सहज सुकत नाही. साधी मच्छरदाणी त्यांना अडवत नाही, अगदी बारीक विणीची जाळी लागते. वाऱ्यापुढे मात्र त्यांचं काही चालत नाही. म्हणून देखणा, निवारा असलेला कोपरा सोडून थोडं बाहेर, वाऱ्यावर नांगर टाकावा. बोट जराशी डोलेल, झोप तरी लागेल. किनाऱ्यावर उतरायचंच तर दुपारी उतरावं, पूर्ण पायाची पँट आणि मोजे घालून. दिसायला गबाळं दिसतं. दिसू दे.

पाण्यातल्या डंखांचं थोडक्यात सांगते. बोटीवर व्हिनेगरच्या दोन-तीन बाटल्या असाव्यात. बॉक्स जेलीफिशचा डंख झाला तर निदान अर्धा मिनिट ते ओतत राहायचं, चोळायचं नाही. स्टोनफिशचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली तर उपाय वेगळा, पोळणार नाही इतपत गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, मग डॉक्टर. उथळ पाण्यात जाड तळाचे बूट घालून पाय वाळूत घासत चालावं. पाकट हलून निघून जातो. अंगभर लायक्राचा पोशाख घातला तर ऊन आणि जेलीफिश दोन्ही सांभाळले जातात.

राहिला शंखांचा मोह. भाच्याने एक सुंदर, नक्षीदार, शंकूसारखा शंख उचलून चड्डीच्या खिशात टाकला होता. त्या जातीचा जिवंत शंख टोकातून विषारी बाण मारतो आणि काही जातींच्या बाणाने माणूस दगावतो. वहिनीने त्याला खिसा काळजीपूर्वक उलटा करायला लावला. शंख रिकामा निघाला तरी ठेवून घेता आला नसता. प्रवाळ, समुद्रकाकडी आणि कित्येक शंख-शिंपल्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि रिकाम्या शंखांत संन्यासी खेकड्यांना राहायचं असतं. परतीला वीर सावरकर विमानतळावर बॅगा त्यासाठी तपासल्या जातात. दुकानातून घेतलेल्या शंखाची पावती जवळ ठेवा, किनाऱ्यावरचा किनाऱ्यावरच राहू द्या.