गिऱ्हाईक कुठल्या महिन्यात शेवटचं कधी आलं? एक्सेलमध्ये असं बघा



उधारीची वही सगळेच ठेवतात. पण नेहमीचं हॉटेल किंवा व्यापारी माल न्यायचा कधी थांबला, हे वहीत पटकन दिसत नाही. दिसतं तेव्हा उधारी बुडायच्या वाटेवर असते. म्हणून आज दर महिन्याला प्रत्येक गिऱ्हाइकाच्या शेवटच्या खरेदीची तारीख काढायला शिकू.

तयारी
एक्सेलमध्ये चार रकाने करा : तारीख, गिऱ्हाईक, रक्कम, महिना. एका बिलाला एक ओळ. महिन्याच्या रकान्यात सूत्र घाला : तारखेचं 'इयर' गुणिले १०० अधिक 'मंथ'. जानेवारी २०२५ चं उत्तर २०२५०१ येईल. नुसता 'जानेवारी' लिहू नका, नाहीतर दोन वर्षांचे जानेवारी एकत्र होतात.

कृती
१. सगळा तक्ता निवडून 'इन्सर्ट'मध्ये 'पिव्होट टेबल' घ्या.
२. गिऱ्हाईक 'रोज'मध्ये, महिना 'कॉलम्स'मध्ये आणि तारीख 'व्हॅल्यूज'मध्ये ओढा.
३. तिथं आधी 'काउंट' किंवा 'सम' दिसेल. 'व्हॅल्यू फील्ड सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'मॅक्स' करा. सगळ्यात मोठी तारीख म्हणजेच शेवटची तारीख.
४. ४५६६२ असा आकडा आला तर घाबरू नका. एक्सेल तारीख अशीच साठवतं. 'नंबर फॉरमॅट'मध्ये 'डेट' केलं की ५ जानेवारी २०२५ दिसेल.

नवीन बिलं घातल्यावर 'रिफ्रेश' करायला विसरू नका. नवीन ओळी निवडलेल्या तक्त्यात आल्या की नाही तेही बघा.

वाचायचं कसं?
समजा एका हॉटेलच्या तारखा अशा आल्या : २८ जानेवारी, २६ फेब्रुवारी, ९ मार्च, एप्रिल रिकामा. दर महिन्याच्या अखेरीपर्यंत येणारं गिऱ्हाईक ९ मार्चनंतर फिरकलंच नाही. मार्चची नुसती बेरीज बघितली असती तर 'धंदा जरा कमी झाला' एवढंच वाटलं असतं. आता फोन करायचा आणि बाकी मागायची.

इथं चुकू नका
• रकमेलाही 'मॅक्स' लावलं तर त्या महिन्यातलं सगळ्यात मोठं बिल येतं, शेवटचं नव्हे. शेवटच्या बिलाची रक्कम हवी असेल तर ती तारीख धरून मूळ तक्त्यात बघा.
• एकाच माणसाचं नाव दोन तऱ्हेनं लिहिलं की एक्सेलला ती दोन गिऱ्हाइकं वाटतात. एक जण उगाच 'गायब' दिसतो.
• तारीख रकान्यात आपोआप डावीकडे चिकटली तर ती बहुतेक मजकूर म्हणून गेली आहे. 'मॅक्स' ती धरत नाही. नीट परत टाका.
• चालू महिना संपलेला नसतो. त्यावरून कुणावर आरोप नको.
• १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंदी असते. ते दोन महिने रिकामे असणारच. खरी परीक्षा ऑगस्टची : मे महिन्यापर्यंत येणारं कोण परत आलं नाही?

घरात कॉम्प्युटर शिकलेला मुलगा-मुलगी असेल तर वही त्यांच्याकडे द्या, पण नावं आपण स्वतः तपासा. गिऱ्हाईक आपण ओळखतो, मशीन नाही. अडलं तर वही घेऊन सोसायटीत या, बसून करू.