धातूला धातू टेकला, तरी उष्णता का अडते?



उन्हाळ्यात भर दुपारी, म्हणजे उसाला पाण्याची खरी गरज असते तेव्हाच, सौर पंप बंद पडतो, अशी तक्रार गट-बैठकांत आमच्या कानावर येते. एका सभासदांचा कंट्रोलर दुरुस्त होऊन आला आणि आठ दिवसांत पुन्हा बंद पडला. पेटी उघडली तर भाग नवा, स्क्रूही घट्ट. फक्त त्याखालची पांढरी पेस्ट लावायची राहिली होती. एवढ्याशा पेस्टने काय बिघडते, ते आज पाहू.

पॅनेलची वीज मोटारीला लागेल तशी करून देणारा भाग काम करताना तापतो. ती उष्णता बाहेर जावी म्हणून तो ॲल्युमिनियमच्या पातीदार ठोकळ्यावर बसवतात. या ठोकळ्याला 'हीट सिंक' म्हणतात. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसतात. पण सूक्ष्मदर्शकाखाली ते नांगरलेल्या रानासारखे उंचसखल असतात. उंचवट्याला उंचवटा टेकतो, बाकी फटींत हवा राहते. खरी टेकलेली जागा बहुधा शेकडा एक-दोन भागच असते.

ॲल्युमिनियम हवेपेक्षा हजारो पटींनी अधिक उष्णता वाहून नेते. म्हणजे फटीतली हवा हा उष्णतेच्या वाटेवरचा बांधच. घरचे उदाहरण घ्या. भाकरी तव्याला टेकते तेथे भाजते, उचललेली राहते तेथे कच्ची राहते. म्हणून तर ती फडक्याने दाबतात. स्क्रू घट्ट आवळण्याचे कारण तेच. दाबाने टेकलेली जागा वाढते आणि उरलेल्या फटी पेस्ट भरून काढते.

मात्र पेस्ट हवेपेक्षा सरस असली, तरी धातूपेक्षा फारच कमी पडते. म्हणून थर पातळ हवा. जादा खत घातले म्हणून ऊस जादा येत नाही, तसेच हे.

सभासदांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) कंट्रोलर सावलीत, हवा खेळेल असा बसवावा. त्यावर पोते टाकू नये.

२) पंप बंद करून बाहेरील पात्यांवरची धूळ, जाळी, कुंभारमाशीची घरे कोरड्या ब्रशने काढावीत.

३) भाग बदलताना जुनी पेस्ट पुसली का, नवी पातळ लावली का आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले का, हे कारागिराला विचारावे.

४) पेटी स्वतः उघडू नये. बंद केल्यावरही आत काही वेळ वीज साठून राहते आणि ऊन असेतोवर पॅनेलच्या तारांत वीज असतेच. शिवाय हमी-मुदतही हातची जाते.

पेस्ट किरकोळ किमतीची. पण ती विसरली तर पाण्याची पाळी चुकते आणि वजनकाट्यावर टनेज घटलेले दिसते. तेव्हा विचारायला लाजू नका.