रोपं लावू, पण पाणी कोण घालणार?

प्रश्न : वारज्याच्या स्मृतिवनात पावसाळ्यात रोपं लावायची आहेत. चालेल का?

उत्तर : खड्डा खणण्याआधी वनखात्याला विचारा, जमीन त्यांची आहे. उजाड टेकडीवर २०१५पासून हे वन उभं राहिलं, आणि २०२०मध्ये केंद्राच्या नगर वन योजनेत त्याचाच दाखला दिला गेला. परवानगी मिळाली तर कडुनिंब, करंज अशी देशी झाडं निवडा, गिरिपुष्प नकोच. खरं तर जुलैत हौशी मंडळी पुष्कळ असतात, रोप मरतं एप्रिलात. तेव्हा कॅन घेऊन या. आळं भरा, वर पालापाचोळा पसरा, बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा. वाळक्या गवतात पेटती विडी पडली तरी टेकडी पेटते. धूर दिसताच वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.