राहात्याचा पेरू आणि रम
प्रश्न : घरच्या पेरूंपासून रमचे कॉकटेल कसे करावे?

उत्तर : रम उसाच्या मळीपासून बनते, अहिल्यानगरसारख्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्याला मळी नवी नाही. पिकलेला पेरू थोड्या पाण्यात घोटून गाळावा, एकही बी राहू देऊ नये. ४५ मिली पांढरी रम, ९० मिली पेरूचा रस, १५ मिली लिंबाचा रस आणि दोन चमचे गुळाचा पाक बर्फासह घट्ट झाकणाच्या बरणीत १५ सेकंद जोरात हलवून गाळावे. श्रीगोंद्याचे ताजे लिंबूच हवे. आंबटाशिवाय पेरूचा गोडवा मिळमिळीत लागतो. काळ्या रमला काकवीसारखा स्वाद असतो, तेव्हा पाक निम्मा करावा. प्याल्याच्या कडेला तिखट-मीठ फार शोभते. महाराष्ट्रात रम पिण्यासाठी २५ वर्षे पूर्ण आणि परवाना आवश्यक असतो.