डिस्क-समूहाचा बिघाड आणि माहितीची पुनःप्राप्ती

परभणी जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला हिंगोली जिल्हा औंढा नागनाथच्या ज्योतिर्लिंगामुळे सर्वपरिचित आहे. याच तालुक्यात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारली जात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २०१६ मध्ये तत्त्वतः व एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मान्यता दिली. अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांना १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर गवसली. तो संकेत जेमतेम एक पंचमांश सेकंद टिकला होता. असा संकेत पुन्हा मागवून घेता येत नाही. नोंद गेली की निरीक्षणच गेले. अशा नोंदींचे विश्लेषण प्रामुख्याने लिनक्स प्रणालीच्या संगणकांवर होते. म्हणूनच तेथील डिस्क-समूह बंद पडल्यास काय करावे, याचे ज्ञान आवश्यक ठरते.

समूहाची रचना

कोणतीही डिस्क केव्हातरी निकामी होणारच. हे गृहीत धरून कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ मध्ये ‘रेड’ ही योजना मांडली. समजा, दोन डिस्कवर ५ व ७ हे अंक आहेत आणि तिसरीवर त्यांची बेरीज १२ ठेवली आहे. ७ हरवल्यास १२ मधून ५ वजा करून तो परत मिळतो. प्रत्यक्षात बेरजेऐवजी द्विमान अंकांची क्रिया योजतात, एवढाच फरक. ‘रेड ५’ मध्ये एक, तर ‘रेड ६’ मध्ये दोन डिस्क गेल्या तरी काम चालते. त्याहून अधिक गेल्यास समूह थांबतो.

मात्र समूह थांबला म्हणजे माहिती नष्ट झाली, असे नव्हे. केबल सैल झाल्याने वा वीजपुरवठा खंडित झाल्यानेही अनेक डिस्क एकदम दिसेनाशा होतात. अशा वेळी खरी हानी होते ती घाईमुळे.

पुनःप्राप्तीचा क्रम

प्रथम समूहावरील सर्व लेखन थांबवावे आणि प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक व जागा टिपून ठेवावी. नंतर ‘एमडी-अ‍ॅडम’ या आज्ञावलीने प्रत्येक डिस्कवरील समूहविषयक नोंद वाचावी. तीत डिस्कचे स्थान व घटनांची गणना असते. जिची गणना सर्वांत मागे, ती डिस्क आधी बाहेर पडली. तिच्यावरील मजकूर शिळा समजावा.

दुबळ्या डिस्कची हुबेहूब प्रत ‘डीडीरेस्क्यू’ने नव्या डिस्कवर घ्यावी व पुढील काम प्रतींवरच करावे. ज्यांची गणना जवळजवळ सारखी आहे, त्या प्रती जुळवून समूह केवळ वाचनासाठी सुरू करावा. समूह नव्याने ‘निर्माण’ करण्याची आज्ञा मात्र टाळावी. डिस्कचा क्रम वा खंडाचा आकार चुकल्यास चांगला मजकूरही पुसला जाऊ शकतो.

फाइलव्यवस्था काहीही न लिहिता तपासून माहिती अन्यत्र उतरवून घ्यावी. नवी डिस्क जोडून पुनर्रचना करणे, ही शेवटची पायरी होय. पुनर्रचनेत उरलेल्या सर्व डिस्क संपूर्ण वाचल्या जातात आणि त्या ताणाने आणखी एखादी दगावण्याचा संभव असतो.

समूह म्हणजे दुसरी प्रत नव्हे

चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कवरून एकाच क्षणी जाते. आगीत सारा समूहच जळतो. म्हणून एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि ती परत उतरवता येते की नाही, हे वेळोवेळी पाहावे. वेधशाळेतील लहर असो वा तालुका कचेरीचे दप्तर, नियम एकच आहे.