गुदद्वाराला वारंवार चीर पडणे : त्रास पुन्हा होऊ नये, यासाठी काय करावे ?

‘मलम लावले, आठ दिवसांत बरे वाटले आणि दोन मासांनी पुन्हा तोच त्रास चालू झाला’, असा अनेकांचा अनुभव असतो. गुदद्वाराच्या त्वचेला पडणार्‍या चिरेला ‘फिशर’ म्हणतात. आयुर्वेदात ‘परिकर्तिका’, म्हणजे कात्रीने कापल्यासारखी वेदना, असे त्याचे नाव आहे. हा त्रास परत का येतो, हे समजून घेतले, तर तो टाळणे बर्‍याच अंशी आपल्या हाती आहे.

१. मूळव्याध आणि फिशर यांतील भेद

शौचाच्या वेळी रक्त दिसले की, पुष्कळ जण ‘मूळव्याध झाली’, असे समजून घरगुती औषध चालू करतात. आतील मूळव्याधीत बहुधा वेदना न होता रक्त पडते. फिशरमध्ये शौचाच्या वेळी तीव्र वेदना होते आणि नंतर काही घंटे आग होत रहाते. रक्त थोडेच आणि लालभडक असते. तरी निदान वैद्य किंवा आधुनिक वैद्य यांच्याकडूनच करून घ्यावे.

२. त्रास पुन्हा का होतो ?

कठीण मलामुळे चीर पडते. वेदनेमुळे गुदद्वाराचा आतील स्नायू आवळला जातो. त्यामुळे तेथील रक्तपुरवठा न्यून होऊन चीर लवकर भरत नाही. वेदनेच्या भीतीने रुग्ण शौचाला जाणे टाळतो. थांबवून ठेवलेला मल अधिक कोरडा आणि कठीण होतो अन् तीच चीर पुन्हा उघडते. वेदना थांबली, म्हणजे चीर पूर्ण भरली, असे नसते. त्यामुळे बरे वाटताच पथ्य सोडू नये. मल मऊ ठेवण्याचे प्रयत्न पुढे काही मास तरी चालू ठेवावेत आणि आहाराची सवय कायमची लावून घ्यावी.

३. आहार

अ. दिवसभरात साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतूमय पदार्थ पोटात जायला हवेत. ज्वारी-बाजरीची भाकरी, कोंड्यासह गव्हाची पोळी, सालीसह डाळी, पालेभाज्या, पेरू, पपई, भिजवलेले मनुके आणि अंजीर यांतून ते मिळतात. प्रमाण हळूहळू वाढवावे. एकदम वाढवल्यास पोट फुगते.

आ. इसबगोल घ्यायचे असल्यास १ ते २ चमचे पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यावे आणि वर आणखी पाणी प्यावे. पाणी अल्प घेतल्यास उलट मलावरोध वाढतो.

इ. उपवासाच्या दिवशी केवळ साबुदाणा, बटाटा आणि चहा घेतल्यास दुसर्‍या दिवशी शौचाला कठीण होते. उपवासाला फळे, ताक, राजगिरा आणि पुरेसे पाणी घ्यावे.

ई. तिखट, मैद्याचे पदार्थ आणि अती चहा टाळावा.

४. शौचाच्या सवयी

अ. शौचाची संवेदना झाल्यावर थांबवू नये. सकाळचा स्वयंपाक, गाडीची वेळ, प्रवासातील अस्वच्छ शौचालय अशा कारणांनी ती मारली जाते. चरकसंहितेत तर नैसर्गिक वेग न रोखण्याविषयी ‘नवेगान्धारणीय’ हा स्वतंत्र अध्याय आहे. सकाळी १५ मिनिटे लवकर उठावे.

आ. कुंथू नये आणि भ्रमणभाष घेऊन बसू नये. पाच मिनिटांत शौच झाले नाही, तर उठावे.

इ. कमोडवर बसतांना पायांखाली छोटे स्टूल घ्यावे. उकिडवे बसल्याप्रमाणे गुडघे वर आले की, मल सहज बाहेर येतो.

ई. शौचानंतर साध्या पाण्याने धुऊन हळूवार टिपावे. साबण चोळू नये.

५. त्रास चालू असतांना

टबमध्ये सोसवेल एवढे कोमट पाणी घेऊन दिवसातून २-३ वेळा, विशेषतः शौचानंतर, १० ते १५ मिनिटे बसावे. त्याने आवळलेला स्नायू सैल होतो. स्नायू सैल करणारे मलम आधुनिक वैद्यांनी दिल्यास ते सांगितलेला पूर्ण काळ, बहुधा ६ ते ८ आठवडे, लावावे. तीव्र रेचक मनाने घेऊ नये. जुलाबांनीही चीर पडते. लोहाच्या गोळ्या आणि काही वेदनाशामके यांनी मलावरोध होतो, त्याविषयी विचारून घ्यावे.

६. तपासणी कधी करावी ?

सहा ते आठ आठवड्यांत आराम न पडणे, पू, ताप किंवा सूज येणे, काळपट किंवा पुष्कळ रक्त पडणे, वजन घटणे, शौचाची नेहमीची पद्धत पालटणे, यांपैकी काहीही असल्यास तपासणीत चालढकल करू नये. वयाच्या पंचेचाळिशीनंतर प्रथमच रक्त दिसल्यास ‘फिशरच असेल’, असे गृहीत धरू नये. जुनाट चिरेवर शस्त्रक्रियेचा चांगला उपाय उपलब्ध आहे. पण तिचे लाभ-हानी आधी समजून घ्यावेत.

या अवयवाविषयी बोलायला संकोच वाटतो आणि त्यामुळे अनेक जण, विशेषतः महिला, वर्षानुवर्षे वेदना सोसतात. घरात कुणी शौचाला जाण्यास घाबरत असेल, तर आपणहून विचारावे आणि त्या व्यक्तीसह वैद्यांकडे जावे.