हादगा लावण्याआधी

चिंचणी, वैशाख

चि. राणीस,

बोईसरच्या नव्या घराच्या फाटकाशी फुलांचं झाड हवं, आणि फुलं-शेंगा स्वयंपाकातही याव्यात, असं तू लिहिलंस. शेवगा की हादगा? शेवगा पोटाकडे चांगला बघतो, पण फाटकाची शोभा म्हटली की हादगाच लाव. चंद्रकोरीसारखी वाकलेली पांढरी फुलं डहाळीडहाळीला लोंबतात, शिंजीर पक्षी सकाळपासून हजर असतात. लाल फुलाचाही मिळतो. तो दिसायला देखणा, पण खायला मला पांढराच आवडतो.

मात्र एक गोष्ट आधी डोक्यात पक्की कर. आपण डहाणू-घोलवडच्या चिकूच्या मुलखातली माणसं. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या चिकूच्या वाड्या आजोबा लावतात आणि नातवंडं खातात. तशी आशा हादग्याकडून धरलीस तर रडशील. तो पहिल्याच वर्षी माणसाच्या डोक्यावर जातो, लवकर फुलतो आणि तितक्याच लवकर म्हातारा होतो. खोड मऊ, फांद्या ठिसूळ. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा वाड्यांमधली फळझाडं मोडली, तिथे हादग्याची काय कथा! म्हणून त्याच्याकडे भाजीचा वाफा म्हणूनच बघ. सांगली-सोलापूरकडच्या पानमळ्यांत नागवेलीला चढायला हादगा आणि शेवरी लावतात; वेलीला आधार आणि सावली द्यायची, एवढंच त्यांचं काम. त्या मळेवाल्यांचा हिशेब मला पटतो. एक झाड ऐन भरात असतानाच दुसरं रोप तयार ठेवायचं.

आता जागा. तुमच्या सोसायटीची जमीन भरावाची असणार, खाली मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा. दोन फूट खड्डा घेऊन तो राडारोडा उपस, चांगली माती आणि शेणखत भर. विजेच्या तारेखाली किंवा गाड्या उभ्या राहतात तिथे लावू नकोस. आणि औद्योगिक वसाहतीच्या नाल्याच्या बाजूला, कंपाउंडची कितीही मोकळी पट्टी असली तरी, खायचं झाड नकोच. तारापूरच्या सांडपाण्याचं प्रकरण मांगेला समाजाच्या संघटनेला हरित लवादापर्यंत न्यावं लागलं, ते काही उगाच नाही. तिथे हौसेला बोगनवेल लाव, ताटात येणारं काही नको.

बी रात्रभर पाण्यात भिजवून पिशवीत टोच. मृगाचा पाऊस धरला की रोप जमिनीत. आपल्याकडचा पाऊस त्याला मानवतो. युरिया घालू नकोस. शेंगवर्गातलं झाड आहे, मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र स्वतःच मिळवतं. शेळीपासून मात्र जप, तिला हा पाला फार आवडतो.

छाटणीत बहुतेक जण चुकतात. रोप छातीइतकं झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात आणि फुलं हाताला येतात. हे पहिल्या वर्षीच करायचं. पुढे झाड वीस फुटांवर गेल्यावर जाग येऊन बुंध्याजवळ करवत लावलीस, तर ते पुन्हा फुटेल याची खात्री नाही; पुष्कळदा मरतंच. मोठ्या झाडाच्या फक्त बाजूच्या फांद्या हलक्या कर. खोडाला भोक आणि त्याखाली लाकडाचा भुसा दिसला की खोडकिडा समज. लागलेली फांदी कापून जाळ. फवारा नको, फुलं आपण खाणार आहोत.

पावसाळा सरला की फुलं सुरू होतात. उमलायच्या बेतातल्या कळ्या सकाळी काढ. देठ आणि आतला केसराचा दांडा काढून टाक, तो कडू असतो. आळसानं तो तसाच ठेवतात आणि मग भाजीला नावं ठेवतात! कांदा, लसूण, हिरवी मिरची परतून फुलं घाल, झाकण फार वेळ ठेवू नकोस, वरून ओलं खोबरं. आपल्या घरी जवळा घालूनही करतात आणि ती जास्त संपते. डाळीच्या पिठात बुडवून भजी केलीस तर मुलं न विचारता खातील. तमिळनाडूत पाला खातात, थायलंडात हीच फुलं आंबट रश्श्यात सोडतात.

शेंगेची गंमत वेगळी. ती हातभर लांब होते, पण तोवर तिची दोरी झालेली असते. वीतभर असताना, मोडल्यावर टचकन तुटते तेव्हाच काढ आणि चवळीच्या शेंगांसारखी कर. दोन-चार शेंगा वरच्या फांदीवर वाळू दे, बियाण्याला.

सोबतच्या पुडीत पांढऱ्याचं बी आहे. सगळं एकदम पेरू नकोस. अर्धं पुढच्या वर्षासाठी कोरड्या डबीत ठेव. लाल हवाच असेल तर शेजारणीकडे विचारून ठेवते, तिच्या शेंगा अजून झाडावर आहेत.

तुझी,
मावशी